तहान वेगळी, आळं एकच: एका लिंबाच्या झाडाचा प्रकरण अभ्यास

मावशीचा फोन आला तेव्हा तिने एकच वाक्य सांगितलं. "अगं, लिंबाची नवी पानं पिवळीच जन्माला येतायत." त्यातला 'नवी' हा शब्द फार मोलाचा होता आणि तो तिने आपणहून वापरला होता. बहुतेक जण 'पानं पिवळी पडली' एवढंच सांगतात. कुठली पानं, वरची की खालची, कोवळी की जून, हे कुणी सांगत नाही आणि निदानाची वाट तिथेच चुकते.

झाड पाच वर्षांचं, कलमी, साधारण अडीच मीटर उंच. घरामागच्या मोकळ्या जागेत सगळ्यात चांगलं ऊन पडतं तिथे लावलेलं. तिसऱ्या वर्षापासून भरभरून धरत होतं. मग मावशीने भाजीपाला करायला घेतला. झाडाखालची भुसभुशीत जागा वाया जाते असं तिला वाटलं, म्हणून तिने लिंबाच्या आळ्यातच वाफे केले. बाहेरच्या कडेला टोमॅटो, वांगी आणि मिरची, थोड्या सावलीत कोथिंबीर आणि पुदिना, एका बाजूला बेझिल, रोझमेरी आणि थाइम. वाफ्यांसाठी बाहेरून माती आणून खोडापर्यंत चढवली. दर हंगामाला कुदळीने जमीन हलवायची, हाडांचा चुरा आणि खत घालायचं आणि रोज संध्याकाळी पाइपने सगळ्याला एकदमच पाणी द्यायचं. भाजी छान आली. पहिलं वर्षभर लिंबानेही तक्रार केली नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी फूट पिवळी आली आणि वाटाण्याएवढी फळं गळायला लागली. मावशीने घाबरून आधी नत्रयुक्त खत दिलं. फरक पडला नाही म्हणून एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं, मग आणखी हाडांचा चुरा, मग निंबोळी तेलाची फवारणी. आणि झाड सुकल्यासारखं दिसतंय म्हणून पाणी वाढवलं. मला म्हणाली, "दोन वर्षांत एका पानालाही मी उपाशी ठेवलं नाही." ते खरंच होतं. तिच्या मायेत कुठेच खोट नव्हती.

पान वाचताना

मी गेले तेव्हा आधी शेंड्याचं एक पान तोडून उजेडात धरलं. शिरा बारीक हिरव्या आणि मधली सगळी जागा फिकट पिवळी, जणू कुणी हिरव्या धाग्याची जाळी विणून ठेवली आहे. त्याच फांदीवरची खालची जून पानं मात्र जवळजवळ ठणठणीत हिरवी होती. एवढ्यावरून बऱ्याच गोष्टी बाद होतात. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र ओढून नव्यांना देतं, त्यामुळे आधी खालची पानं एकसारखी पिवळी होतात. मॅग्नेशियमचंही तसंच. फक्त तिथे जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. म्हणजे नत्राचं खत आणि एप्सम मीठ हे दोन्ही उपाय चुकीच्या दारावर थापा मारत होते. लोह मात्र एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. ते कमी पडलं की झळ थेट नव्या पानाला बसते. आपल्याकडे यालाच केवडा पडणं म्हणतात. जस्ताची कमतरताही नव्या पानांवरच दिसते, पण तिथे पानं बारीक आणि अरुंद राहतात आणि शेंड्याला गुच्छासारखी दाटतात. इथे पानांचा आकार नेहमीचाच होता.

एक भीती मात्र होती आणि ती खोटी ठरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा जीवाणूजन्य रोग होतो. तो सायला नावाची बारीक कीड पसरवते आणि एकदा लागला की बरा होत नाही. त्यातही पानं पिवळी पडतात, पण पिवळे डाग बेढब असतात. मधल्या शिरेच्या एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. मावशीच्या झाडाची पंधरा-वीस पानं मी मधोमध घडी घालून पाहिली. दोन्ही अर्धे आरशात पाहिल्यासारखे सारखे होते. कोपऱ्यातल्या कढीपत्त्याचे शेंडेही भिंगाखाली तपासले, कारण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला आणि सायलाला तो फार आवडतो. शेपटाकडचा भाग वर उचलून तिरपी बसलेली ती कीड एकदा ओळखता आली की विसरत नाही. ती तिथे नव्हती. दोन-तीन पानांवर नागअळीच्या चंदेरी नागमोडी रेघा होत्या, पण पाच वर्षांच्या झाडाला त्याने काही होत नाही.

म्हणजे लोह. आणि इथे मी घाई केली. त्याच संध्याकाळी लोहाची फवारणी करायला सांगितली. आठवड्याने मावशीने एक पान दाखवलं तेव्हा दोघीही बघत राहिलो. जिथे जिथे थेंब पडला होता तिथे तिथे हिरवा ठिपका उठला होता आणि बाकीचं पान पिवळंच. निदान लोहाचंच होतं याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळाला नसता. पण पुढची कोवळी फूट पुन्हा पिवळी आली. लोह वरून पाजलं तेवढंच पोचलं, खालून काहीच येत नव्हतं. मी आधी जमीन उकरायला हवी होती.

जमीन उकरल्यावर

मातीचा चिमूटभर नमुना वाळवून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. माती फसफसली. म्हणजे तिच्यात चुनखडी आहे. पट्टीवर सामू (पीएच) ८ च्या आसपास आला. लिंबाला साधारण ५.५ ते ७ चा सामू मानवतो. पाइपच्या तोंडाशी आणि कुंड्यांच्या कडांवर पांढरे क्षार साचलेले होते, म्हणजे पाणीही जड. अशा जमिनीत लोह नसतं असं नाही. ते भरपूर असतं, पण मुळाला उचलता येईल अशा रूपात राहत नाही.

पण वाफ्यांच्या मातीखालची मूळ जमीन तर पाच वर्षं हीच होती, आणि त्यातली पहिली तीन वर्षं झाड हिरवंगार होतं. मग बदललं काय? मला खरा प्रश्न हाच वाटला.

पानांच्या घेराच्या कडेखाली मी वीतभर खड्डा केला. माती काळपट आणि चिकट, मुठीत दाबल्यावर बोटांच्या मधून ओल निघाली. वाफसा असलेली माती मुठीत गोळा होते आणि बोट लावलं की फुटते. हा गोळा फुटेना, नुसता दबत होता. वासही मातीचा नव्हता, साचलेल्या पाण्याचा होता. खुरप्यावर एक बारीक मूळ आलं. ते दोन बोटांत धरून हळूच ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं सरकून हातात आलं आणि आत नुसता पांढरा दोरा उरला. जिवंत मुळी अशी सोलून निघत नाही. पांढरी मुळी, जी खऱ्या अर्थाने जेवते, ती मला त्या खड्ड्यात चार-पाच ठिकाणीच दिसली.

आता सगळं जुळलं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. रोजच्या पाण्याने मातीतल्या पोकळ्या कायम भरलेल्या राहिल्या, हवेला जागा उरली नाही. मुळं आणि सूक्ष्मजीव सोडतात तो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना. तो पाण्यात मुरला, त्याने चुनखडी विरघळवली आणि बायकार्बोनेट वाढलं. हे बायकार्बोनेट मुळांना लोह घेऊ देत नाही. वर हंगामामागून हंगाम पडलेल्या हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद (फॉस्फरस). तो जास्त झाला की लोह आणि जस्त दोन्ही अडतात. आणि लिंबाची खाणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून दर हंगामाच्या कुदळीने नेमकी तीच तुटत गेली. भाजीला जे जे लागतं त्या प्रत्येक गोष्टीने लिंबाचं थोडं थोडं नुकसान केलं. टोमॅटोला रोज ओल हवी. लिंबाला पाणी मुरलं, जमीन वाफशावर आली, पुन्हा पाणी, असं अंतर हवं.

सगळ्यात शेवटी खोड. चढवलेली माती हाताने बाजूला केली. वीतभर खाली गेल्यावर कलमाचा जोड दिसला. तो पूर्ण गाडला गेला होता. जोडाखालून खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचा, एक फुटवा निघून फांद्यांत मिसळला होता. त्याचे काटे लांब, पानं वेगळी. मावशी त्याला झाडाचीच जोमदार फांदी समजत होती. एका बाजूची साल ओली आणि तपकिरी, तिच्यावर मधासारखे डिंकाचे दोन थेंब. नखाने खरवडलं तर हिरव्याऐवजी तपकिरीच लागलं. हा डिंक्या. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी सूक्ष्म जीवजात ओल्या मातीतून सालीत शिरते. बरेच खुंट तिला दाद देत नाहीत, वरचं कलम मात्र नाजूक असतं. म्हणून तर जोड जमिनीच्या वर ठेवायचा असतो. सड खोडाच्या घेराच्या साधारण पावभाग पसरली होती. ती पूर्ण गोल फिरली असती तर झाड गेलं असतं.

मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते तहानेने सुकत नव्हतं." कुजलेल्या मुळांचं झाड आणि तहानलेलं झाड दुपारी अगदी सारखंच मलूल दिसतं. नुसतं पाहून कुणालाही फसायला होईल, त्यात तिचा दोष मला तरी दिसला नाही.

केलेले उपाय

पहिलं काम पाणी बंद. भाजी सुकेल म्हणून ती हळहळली, पण दहा दिवस आळ्यात थेंब पडू द्यायचा नाही असं ठरलं. उभी भाजी उपटायची नाही, जमिनीलगत कापायची, कारण उपटताना लिंबाच्या उरलेल्या मुळ्याही निघाल्या असत्या. चढवलेली सगळी माती हाताने ओढून काढली, मूळ जमिनीची पातळी आणि जोड दोन्ही उघडे केले. खुंटाचा फुटवा बुडातून काढला. सडलेली साल धारदार चाकूने निरोगी कड लागेपर्यंत तासली, दोन दिवस जखम कोरडी होऊ दिली आणि मग बोर्डो पेस्ट लावली. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडाचं भांडं चालत नाही. पेस्ट त्याच दिवशी वापरायची आणि हातात मोजे हवेतच.

मग दुहेरी आळं केलं. खोडाभोवती फूटभर कोरडी उंच जागा, तिला मातीची कड, आणि त्याच्या बाहेर, पानांच्या घेराच्या कडेपर्यंत, पाण्याचं आळं. पाणी खोडाला शिवत नाही. आळ्यात वाळलेल्या पानांचं तीन इंच आच्छादन, तेही खोडापासून लांब. पाण्याचा दिवस कॅलेंडरने ठरवायचा नाही. खुरपं चार बोटं खोल घालायचं, माती मुठीत दाबायची आणि गोळा होईनासा झाला की भरपूर द्यायचं. कडक उन्हात तिच्या जमिनीला ही पाळी सहा-सात दिवसांनी येऊ लागली. दुसऱ्याच्या मातीत हा आकडा वेगळा निघेल.

खतं सगळी थांबवली. कुजकी मुळं खत उचलत नाहीत, उलट क्षारांनी आणखी भाजतात. नवी मुळी दिसायला लागल्यावर, सुमारे सहा आठवड्यांनी, लोहाचं चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात धरून ठेवलेलं लोह, जमिनीतून दिलं. इथे डबीवरचं नाव वाचावं लागतं. साधं ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या पुढे गेला की टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीला ईडीडीएचए चिलेट लागतं, ज्याचं पाणी गडद लाल होतं. गंधकाची भुकटी घालून सामू उतरवायचा विचार मावशीने कुठेतरी वाचला होता. फसफसणाऱ्या जमिनीत त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. गंधकापासून होणारं आम्ल चुनखडी लगेच खाऊन टाकते आणि सामू तिथल्या तिथे राहतो.

भाजी कुठे गेली

मावशीचा भाजीपाला बंद करायचा नव्हता. ती रोज सकाळी त्या वाफ्यांत तास घालवते आणि तिचा तो तास मला लिंबाइतकाच जपावासा वाटत होता. म्हणून घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत दोन उंच वाफे केले. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी भिंतीची सावली येते. गरम हवेत भाजीला हीच जागा खरी. रोपं आता तहानेप्रमाणे बसवली. एका वाफ्यात रोज पाणी मागणारी टोमॅटो, वांगी, मिरची आणि त्यांच्या पायाशी बेझिल. रोझमेरी आणि थाइम वेगळ्या कुंड्यांत, अर्धी वाळू मिसळलेल्या मातीत. त्यांना लिंबापेक्षाही जास्त कोरडं लागतं, तरी ती दोन वर्षं त्या चिखलात कशीबशी तग धरून होती. पुदिना एकटा रुंद कुंडीत, कारण मोकळ्या जमिनीत तो शेजाऱ्याला जगू देत नाही. कोथिंबीर कडक उन्हाळ्यात पेरायचीच नाही असं ठरलं. ऊन वाढलं की ती पानं सोडून फुलावर जाते, कितीही पाणी घाला. इतर महिन्यांत दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरायची.

नव्या वाफ्यातल्या टोमॅटोने पहिल्याच हंगामात एक धडा दिला. मावशी चार दिवस बाहेरगावी गेली, वाफा कोरडा पडला, आल्यावर तिने एकदम भरपूर पाणी दिलं. पुढच्या फळांच्या बुडाशी चामड्यासारखे काळे डाग आले. तिने लगेच अंड्यांची टरफलं कुटायला घेतली. मी थांबवलं. तो डाग कॅल्शियमच्या तुटवड्याचा खरा, पण वाफ्यात भरलेली माती त्याच अंगणातली, चुनखडीने भरलेली. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. पाणी एक दिवस तुडुंब आणि तीन दिवस नाही असं झालं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. आच्छादन टाकून ओल सारखी ठेवली आणि पुढचा तोडा स्वच्छ आला. नंतर रात्रीही उकाडा वाढला तेव्हा फुलं धरेनाशी झाली. रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोचं परागीभवन नीट होत नाही. तेव्हा हट्ट न करता तिथे भेंडी आणि चवळी लावली. त्यांना ते ऊन मानवतं.

चौदा महिन्यांत

लिंबाने फार हळू साथ दिली. सात आठवड्यांनी पहिली फूट आली, तीही फिकट. मावशीचा चेहरा उतरला. पण लिंबाचं कोवळं पान मुळातच पोपटी असतं, ते जाड होईपर्यंत निकाल देता येत नाही. तीन आठवड्यांनी ती पानं अर्धवट हिरवी झाली. जुनी पिवळी पानं मात्र शेवटपर्यंत पिवळीच राहिली आणि एकेक करून गळली. ती गळताना पाहून काळजात चर्र होतं, पण पाहायचं असतं नवीन पानाकडे. पावसाळा संपल्यानंतरची फूट गडद, लकाकणारी आली. त्या दिवशी मावशीने पान तोडून माझ्या हातात ठेवलं, काही बोलली नाही.

डिंक्या झालेल्या बाजूची एक जाड फांदी वाचली नाही. सल (वाळलेलं लाकूड) काढताना ती बुडातून कापावी लागली आणि झाड एका अंगाने उघडं पडलं. तिथल्या खोडावर भर दुपारचं ऊन थेट यायला लागलं म्हणून पातळ चुना लावला, नाहीतर साल भाजून फाटते. पुढच्या बहराला फुलं भरपूर आली आणि त्यातली बहुतेक गळली. मावशी पुन्हा घाबरली, पण शंभर फुलांमागे फळ धरणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, सशक्त झाडाचीही. टिकलेली फळं तिने मोजली. एकेचाळीस. पूर्वीच्या निम्मीही नाहीत. अर्ध्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडाकडून त्याहून जास्त मी मागणार नाही.

मला अजून काळजी आहे ती निचऱ्याची. कोरड्या महिन्यात फूटभर खोल खड्डा पाण्याने भरला, तो जिरल्यावर पुन्हा भरून पट्टीने मोजलं. तासाला जेमतेम दोन सेंटीमीटर पाणी उतरत होतं. चांगल्या निचऱ्याला अडीच ते पाच हवं. म्हणून या पावसाळ्याआधी आळ्याची बाहेरची कड फोडून एक उथळ चर उताराकडे काढला आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर मावशी जोडाजवळची साल नखाने तपासून कळवणार आहे. हिरवं लागलं तर पेस्टचा दुसरा हात पुरेल. तपकिरी लागलं तर चाकू घेऊन मी त्याच दिवशी जाणार आहे.